आधी घडी बसवा, मग पाटी रंगवा!



6 मे 2025 ला चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यासाठी शासकीय मेडिकल कॉलेज मंजूर झालं. 100 विद्यार्थी आणि 430 खाटांचं रुग्णालय. पाथर्डीतला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला किंवा सीसीटीव्हीवाला म्हणेल, "सर, आपला काय संबंध?" संबंध आहे, वाचा.

मोठ्या रुग्णालयात कॉम्प्युटरचं काम बऱ्याचदा विखुरलेलं असतं. केसपेपर एकाकडे, एक्स-रे दुसऱ्याकडे, हजेरीचं मशीन तिसऱ्याकडे. नेट बंद पडलं की सिस्टर फोन कुणाला करणार? मग साहेब ठरवतात, सगळं एकत्र करू, नवीन नाव देऊ, लोगो काढू. माझं मत स्पष्ट आहे. एकत्र जरूर करा, पण नाव शेवटी! आधी एक फोन नंबर, तक्रारींचं एक रजिस्टर आणि एक जबाबदार माणूस. नाहीतर पाटी नवी आणि रांग तीच.

नावाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. केंद्राचं राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मिशन 2020 मध्ये आलं, 2021 मध्ये ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन झालं. पुढे 'हेल्थ आयडी'चं 'आभा' झालं. सोपं नाव, लगेच तोंडात बसतं. पण आपल्या तालुक्यातला ऊसतोड कामगार सहा-सहा महिने बाहेर असतो. तिकडच्या दवाखान्याने त्याचे रिपोर्ट त्या 14 अंकी नंबरला जोडलेच नाहीत, तर इथल्या डॉक्टरला काय दिसणार? पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च. नाव कितीही गोड असू द्या, काम मागच्या जोडणीवर चालतं.

दुसरा धडा महाग आहे. जुलै 2022 मध्ये राज्यातल्या शासकीय मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांतली एचएमआयएस ही कॉम्प्युटर प्रणाली बंद झाली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. बंद पडलेल्या प्रणालीत जुन्या नोंदी अडकल्या तर हाल पेशंटचे होतात. म्हणून करार करतानाच विचारा: उद्या आपण वेगळे झालो तर डेटा कुणाच्या हातात, आणि किती दिवसांत?

आता आपल्या दुकानाकडे या. तीन कामं करा.

एक: गिऱ्हाइकाला एकच नंबर द्या आणि प्रत्येक तक्रार तारखेसह लिहा. कधी आली, कधी मिटली.

दोन: डेटा गिऱ्हाइकाचाच, हे बिलावर छापा. पासवर्ड आणि बॅकअप त्याच्या हातात द्या. त्याला अडकवून ठेवलेला धंदा टिकत नाही.

तीन: उद्यम नोंदणी करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. जेम पोर्टलवर सरकारी खरेदी कशी चालते तेही बघून ठेवा.

काही जण म्हणतील, "सर, ब्रँडिंगशिवाय गिऱ्हाईक येतच नाही." बरोबर! पहिल्यांदा ते पाटी बघून येतं. दुसऱ्यांदा मात्र तुम्ही फोन उचलला होता म्हणून येतं.

430 खाटांचं रुग्णालय आज तुम्हाला काम देणार नाही. पण तालुक्यातला दहा खाटांचा दवाखाना देईल. तिथली घडी नीट बसवा. उद्या मोठ्या दारात उभं राहाल तेव्हा ते रजिस्टरच तुमची ओळख सांगेल. व्हिजिटिंग कार्ड त्यानंतर छापा!