शेतकरी बाजारात भूमिहीनाची पाटी कुठे?

रविवारची सकाळ झाली की पुणे, ठाणे, नवी मुंबईच्या वसाहतींमध्ये कुठे मैदानात, कुठे सोसायटीच्या आवारात शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरतो. गाडीतून उतरवलेली मेथी, शेपू, वांगी, गावठी काकडी घ्यायला माणसे पिशव्या घेऊन येतात. २०१६ साली राज्य शासनाने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू केले. थेट विधानभवनाच्या आवारात असा बाजार भरवला गेला. त्याच वर्षी फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. ‘शेतकरी ते ग्राहक, मध्ये दलाल नको’ ही घोषणा तेव्हापासून सर्वांच्या तोंडी बसली आहे.

या बाजाराचे लोकांना आकर्षण का वाटते? माल ताजा असतो हे एक कारण. पण तेवढेच नाही. मॉलमध्ये भाजीवर किमतीची चिठ्ठी असते, तिच्यामागे माणूस दिसत नाही. बाजारात बसलेली बाई मेथी कुठल्या रानातली, पाऊस कसा झाला, भाव का चढला हे सांगते आणि वर चार मिरच्या, कोथिंबिरीच्या दोन काड्या पिशवीत टाकते. ओळखीच्या गिऱ्हाइकाला उद्या पैसे दे म्हणते. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाला ही उधारी किती मोलाची, हे कोणत्याही मॉलच्या मालकाला कळणार नाही. म्हणून या बाजाराची टिंगल करण्याचे कारण नाही. तो टिकला पाहिजे, वाढला पाहिजे.

परंतु आंबेडकरी चळवळीने त्यापुढचा प्रश्न विचारला पाहिजे. या बाजारात बसायला जागा कुणाला मिळते?

हा प्रश्न आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शहरात माल घेऊन येणारा शेतकरी कसा नागवला जातो हे मांडले. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, शिक्षणाला पैसा नसताना मंडईच्या भव्य इमारतीवर खर्च करायला त्यांनी विरोध केला. आज तीच मंडई त्यांच्या नावाने ओळखली जाते. नाव दिले, पण त्यांचा प्रश्न मात्र बाजूला ठेवला.

बाबासाहेबांनी याच प्रश्नाचे दुसरे टोक दाखवले. खेड्यात अस्पृश्याला व्यापार करता येत नाही, कारण त्याच्या हातून कुणी वस्तू विकत घेत नाही, हे त्यांनी आपल्या लिखाणात स्पष्ट सांगितले. गावच्या आठवडी बाजारात मातंगांचे दोरखंड आणि केरसुण्या, चर्मकारांच्या वहाणा, बुरुडांची सुपे आणि टोपल्या विकल्या जात. त्या वस्तूंवाचून गावाचे चालत नव्हते. परंतु दूध, दही, शिजवलेले अन्न घेऊन हाच माणूस बसला तर? तेव्हा विटाळ आडवा येत असे. म्हणजे बाजारात कुणी काय विकायचे हे मागणी-पुरवठ्यावर ठरत नव्हते, ते जातीवर ठरत होते. बलुत्याच्या भाकरीतून सुटून रोख पैसा मिळवण्याची एक वाट बाजारात होती. ती वाटही अर्धीच उघडी ठेवण्यात आली.

राज्यघटनेने ही कोंडी फोडली. अनुच्छेद १५ ने दुकानात जाण्याचा हक्क दिला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना बाबासाहेबांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, मोबदला घेऊन सेवा देणारा त्यात येतो, असा खुलासा केला. अनुच्छेद १९ ने कोणताही व्यवसाय, व्यापार करण्याचे स्वातंत्र्य दिले. १९८९ साली सोदन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर बसून माल विकणाऱ्याचा व्यवसायही या स्वातंत्र्यात मोडतो असे मानले, अर्थात वाजवी निर्बंधांसह. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाशी खरेदी-विक्री बंद करणे म्हणजे आर्थिक बहिष्कार. आपल्या किती कार्यकर्त्यांना या कलमाची माहिती आहे?

आता आजच्या बाजाराकडे वळू. शेतकरी असल्याचा पुरावा काय? सातबारा. ज्याच्या नावाने सातबारा तो शेतकरी. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीच्या खात्यांपैकी अनुसूचित जातींकडे सुमारे १२ टक्के खाती आहेत आणि क्षेत्र ९ टक्क्यांहून कमी आहे. २०११ च्या जनगणनेत मात्र त्यांची लोकसंख्या १६.६ टक्के होती. जी थोडीबहुत जमीन आहे ती बहुतेक तुकड्यांची. दुसऱ्याचे रान वाट्याने करणारा, गायरानात वर्षानुवर्षे घाम गाळणारा, डोंगरातून रानभाजी खुडून आणणारी आदिवासी बाई, शेतात निंदणी-खुरपणी करणारी मजूर बाई, ही सगळी शेतीत राबतात. पण कागदावर शेतकरी नसतात. गटशेती, उत्पादक कंपनी यांच्या यादीत त्यांचे नाव सहसा कसे येणार? शेतकऱ्यांचा बाजार म्हणायचे आणि शेतात राबणाऱ्यालाच बाहेर ठेवायचे, हा कोणता न्याय?

दुसरा अन्याय शहरातल्या भाजीवालीवर होतो. ‘दलाल नको’ या घोषणेत बाजार समितीतला बडा अडत्या आणि पहाटे तीनला उठून वाशीच्या बाजारातून दोन क्रेट माल आणणारी बाई एकाच तराजूत तोलली जाते. २०१६ पर्यंत फळ-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात होती. ती खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण खरेदीदार म्हणजे काय फक्त मोठा व्यापारी? दोन क्रेट घेणारी भाजीवालीही खरेदीदारच. वर गाडीभाडे, सडका माल आणि अतिक्रमणाची गाडी आली की जप्त होणारी पाटी. गरीब शेतकरी आणि गरीब विक्रेती यांना एकमेकांसमोर उभे करून बडा अडत्या नामानिराळा राहतो.

कष्टकऱ्यांची अशी फूट पडू नये, हे आपल्याकडे कुणी सांगितलेच नाही असे नाही. मंडईतल्या हमालांची संघटना बांधणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांनीच ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ चालवली. पाठीवरचे ओझे आणि जातीचे ओझे एकाच माणसाला वाहावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

मग करायचे काय? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत असे म्हटले आहे. त्यात एकतृतीयांश स्त्रिया आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व हवे. कायदा झाला २०१४ ला आणि मुंबईत या समितीच्या निवडणुकीला २०२४ उजाडले! नगरसेवकाच्या तिकिटासाठी धावणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी या निवडणुकीत किती लक्ष घातले, हे त्यांनी स्वतःलाच विचारावे.

शेतकरी बाजारात जागा देताना फक्त सातबारा पाहू नये. वाट्याने करणारे, गायरानधारक, महिला बचत गट यांची ग्रामपंचायतीने नोंद करावी आणि त्यांच्यासाठी जागा राखून ठेवाव्यात, ही मागणी लावून धरली पाहिजे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाच्या सबलीकरण व स्वाभिमान योजनेत अनुसूचित जातीच्या भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. ज्यांना ती मिळाली, त्यांचा माल शहरापर्यंत कसा पोहोचतो याची विचारपूस समाजकल्याण आणि पणन या दोन्ही खात्यांनी करावी.

आणि काही गोष्टी शासनाविना होण्यासारख्या आहेत. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर जमिनीवर कापड अंथरून पुस्तके, मूर्ती, दिनदर्शिका विकणाऱ्या आपल्या माणसांनी कुणाच्या अनुदानावर बाजार उभा केला? समाजाने विकत घेतले म्हणून तो उभा राहिला. मग वस्तीवस्तीत, विहाराच्या अंगणात आपल्या गटांचा भाजीपाला, डाळी, मसाले का विकले जाऊ नयेत? नोकरदार वर्गाने महिन्याचा किराणा भरताना एवढा विचार केला तरी गावाकडच्या कित्येक चुली त्यावर पेटतील.

चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क मिळवला तो माणूस म्हणून. बाजारात बसण्याचा हक्कही त्याच माणुसकीचा आहे. पाटी घेऊन बसलेल्या आपल्या आयाबहिणींना कुणी उठवू नये एवढी ताकद संघटनेत हवी. ती उभी करणे आपल्याच हातात आहे.