व्यापारी संस्थेचे दार आणि भगिनीवर्ग

केवळ स्त्री म्हणून एखाद्या खासगी क्लबाने कोणास सभासदत्व नाकारावे काय, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांचा आहे. भैंसा येथील कापसाच्या पेठेचा त्याशी काय संबंध, असे काही बंधू म्हणतील. आमच्या मते संबंध निकटचा आहे.

चार स्नेह्यांनी गप्पांची बैठक भरविली आणि तीत कोणास बोलवावे हे आपसांत ठरविले, तर कायद्याने तेथे डोकावू नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे, पाणवठे येथे लिंगभेदास मज्जाव केला; खासगी क्लबाचा त्यात उल्लेख नाही. हे योग्यच होय. परंतु जेथे मालाचे भाव, गिऱ्हाइकांची पत आणि सरकारदरबारी मांडावयाची गाऱ्हाणी यांचा खल होतो, ती बैठक खासगी कशी?

अमेरिकेतील ड्युआर्ट येथील रोटरी क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांस सभासद करून घेतले, तेव्हा मध्यवर्ती संस्थेने त्याची सनदच काढून घेतली. १९८७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या प्रवेशाच्या बाजूने कौल दिला. रोटरी हे जिवलगांचे मंडळ नव्हे, आणि व्यवसायातील ओळखीपाळखींचा लाभ स्त्रियांसही मिळाला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. १९८९ साली रोटरीने पुरुषत्वाची अट सर्वत्रच काढून टाकली.

मग लिज्जत पापडाचे काय, असे कोणी विचारील. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी आरंभिलेल्या त्या संस्थेत पुरुषास सभासद होता येत नाही. आमचा त्यास आक्षेप नाही. तिच्यामुळे पुरुषांची कोणती पेठ बंद पडली? बाहेर राहणाऱ्याचे काय बुडते, हे आधी पाहावे.

आपला तर संघच चतुर्विध. कल्पसूत्रात भगवान महावीरांचे श्रावक १,५९,००० आणि श्राविका ३,१८,००० सांगितल्या आहेत. असे असता पेढी पत्नीच्या वा मातेच्या नावे, कागदावर सही तिची, आणि सभेस मात्र पती वा पुत्र, हा प्रकार व्यापारी वर्गात अपरिचित नाही. पतीमागे पेढी सांभाळणाऱ्या भगिनीस तर सभेतील वार्ता दुसऱ्याच्या तोंडून कळते, आणि तीही माल विकला गेल्यानंतर. स्त्रिया असल्या की मोकळे बोलता येत नाही, ही सबब आम्ही ऐकली आहे. असे कोणते बोलणे व्यापारासाठी आवश्यक असते, ते मात्र कोणी सांगत नाही.

म्हणून परवाना जिच्या नावे, तिचेच नाव सभासदांच्या पुस्तकात असावे, मताचा अधिकारही तिचाच असावा, आणि सर्वसाधारण सभेची सूचना तिच्या पुत्राच्या नावे न पाठविता तिच्याच नावे पाठवावी.