उतरलेले दार

मृगाच्या सरी पडू लागल्या की आदिलाबादेकडील घरांतून एक तक्रार हमखास कानी येते: मोटारखान्याचे दार जमिनीला घासू लागले. पूर्वी ज्या जागी बैलगाडी उभी राही, तेथे आता ट्रॅक्टर अथवा मोटारसायकल असते. दार मात्र पुष्कळदा आजोबांच्याच काळचे, अस्सल सागवानी. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात अशाच दारावरून वाद माजला होता. धाकट्या बंधूंचे म्हणणे, ते विकून लोखंडी शटर बसवावे; वडीलधाऱ्यांना तो विचार सोसवेना. वाद चालू होता तोवर दार महिनोन् महिने अर्धवट उघडे राहिले, आणि आत कपाशीवर फवारावयाची औषधे उघड्या फळीवर मांडलेली! घरात तीन वर्षांचे मूल. पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली, हे ज्यांच्या स्मरणात असेल त्यांना आमची अस्वस्थता समजेल. औषधे त्याच दिवशी कुलपात ठेवावयास लावली, आणि मगच दाराकडे वळलो.

दार का उतरते, हे प्रथम नीट ध्यानी घ्यावे. चार फूट रुंद, सात फूट उंच व दीड इंच जाड अशा भरीव सागवानी झडपेचे वजन ६५ किलोंच्या घरात जाते. दोन बिजागऱ्यांत पाच फूट अंतर असेल, तर या वजनामुळे वरची बिजागरी सुमारे २६ किलोंच्या जोराने चौकटीपासून बाहेर ओढली जाते आणि खालची तितक्याच जोराने आत दाबली जाते. म्हणजे घासते ते खालचे टोक, परंतु दुखणे बहुधा वरच्या बिजागरीचे. (निर्मळचे खेळणी घडविणारे कारागीर पोनिकीचे हलके लाकूड वापरतात, दाराच्या नशिबी ते सुख नाही.) आमचे लोक मात्र तडक रंधा घेऊन खालच्या कडेच्या मागे लागतात, तेही ऐन पावसात, लाकूड फुगलेले असताना. मग उन्हाळ्यात तेच लाकूड आटले की खालून उंदीर खुशाल ये-जा करतात.

तेव्हा रंधा बाजूस ठेवावा. झडपेच्या मोकळ्या टोकाखाली पाचर ठोकून ती पातळीत आणावी व वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहावेत. भोक सैल झाले असल्यास त्यात सरस लावलेली सुक्या सागाची खुंटी ठोकून, सरस वाळल्यावर लांब स्क्रू बसवावा. जड दारास आरपार बोल्ट अधिक चांगला.

यानंतर एक दोरी घेऊन झडपेचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर झडप शाबूत आहे. वरच्या बिजागरीकडून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जाणारा कर्ण लांब भरला, तर कुसा सैल होऊन झडपच वाकडी झाली आहे, असे समजावे. अशा वेळी तिरकी पट्टी मारतात, आणि येथेच कित्येकांची फसगत होते. लाकडी पट्टी दाब उत्तम सोसते, पण ओढ सोसताना तिचा सारा भरवसा टोकाच्या खिळ्यांवर असतो. म्हणून ती खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे चढती असावी. मग झडपेचा भार तिच्यातून खालच्या बिजागरीवर येतो. तारेचे नेमके उलट. तार दाब मुळीच सोसत नाही, ओढ सोसते; तेव्हा ती वरच्या बिजागरीकडून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बांधून मध्ये टर्नबकल घालावा आणि दोन्ही कर्ण सारखे होईतो हळूहळू आवळावा. वर उल्लेखिलेल्या घरी पूर्वी कोणी पट्टी मारली होती, पण उलट्या दिशेने. सुताराने तीच पट्टी काढून, लांबीस बेतून योग्य दिशेने बसविली. नवे लाकूड लागलेच नाही. धाकट्या बंधूंनी शटरचा विषय पुन्हा काढला नाही, निदान आमच्या देखत तरी.

परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांच्या घरी दार वर सरकणारे असते. त्याच्या ताणलेल्या स्प्रिंगांना घरगुती पान्याने हात लावू नये. ती सुटल्यास हात निकामी होण्याची भीती आहे. ते काम जाणत्या माणसाचेच.

राहिला आमच्या काळ्या जमिनीचा प्रश्न. ही माती पावसाने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायाचा खांब तिच्याबरोबर हलतो. बिजागरी घट्ट, कर्ण सारखे, तरीही दार घासत असेल, तर खांबास ओळंबा लावून पाहावा. तो कलला असल्यास पट्टी, तार, बोल्ट कशाचाच उपयोग नाही. दार उतरवून ठेवावे, वैशाखात, पाऊस येण्यापूर्वी, भेगांच्या खाली घट्ट थर लागेतो खणावे व खांब नव्याने उभा करावा.