करवतीनं कापलेलं देऊळ

दोस्तांनो, आज पहाटे चारला उठायचंय. कुरकुर चालणार नाही! आपण आहोत इजिप्तच्या दक्षिणेला, नाईल नदीकाठच्या आस्वान गावात. दारात आपल्यापुरती ठरवलेली गाडी उभी आहे. जायचंय अबू सिंबेलला. अंतर सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे पुणे-सोलापूरपेक्षा थोडं जास्तच. वाटेत सगळं वाळवंट, तेव्हा पाण्याच्या बाटल्या आणि डबा बरोबर हवा. उशिरा निघालं तर तिथल्या उन्हात उभं राहवत नाही.

गाडीतून उतरल्यावर आधी दिसतो एक साधासा डोंगर. त्याला वळसा घालून पुढच्या बाजूला या आणि माना वर करा! बसलेले चार प्रचंड पुतळे, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच. सहामजली इमारतच म्हणा ना! आणि चारही पुतळे एकाच माणसाचे, राजा दुसरा रामसेस याचे. सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी त्यानं डोंगर कोरून हे देऊळ केलं. दारात स्वतःचेच चार पुतळे बसवणारा राजा काही लाजाळू नसणार! पण शेजारच्या लहान देवळात त्यानं राणी नेफरतारीचे पुतळे आपल्याच उंचीचे केलेत, हेही सांगायला हवं.

आता खरी गंमत ऐका. तुमच्यासमोरचा हा डोंगर माणसांनी रचलेला आहे! आत काँक्रीटचा घुमट आहे. देऊळ मुळात इथं नव्हतंच, खाली नदीकाठी होतं.

झालं असं, की १९६० साली आस्वानला मोठ्या धरणाचं काम सुरू झालं. शेतीला पाणी मिळणार होतं, वीज मिळणार होती, पण देवळं बुडणार होती. युनेस्कोनं जगाला हाक दिली आणि देशोदेशीची माणसं धावून आली. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनीही १९६१-६२ साली या भागात उत्खनन केलं.

मग १९६४ ते १९६८ या काळात हे देऊळ चक्क कापलं! आधी पुतळ्यांपुढे वाळूचा ढीग केला, म्हणजे वरून दगड पडले तरी इजा नको. हजाराहून जास्त तुकडे झाले. सगळ्यात जड तुकडे ३० टनांचे. पाच टनांचा एक हत्ती धरा आणि करा हिशेब! जिथं काप डोळ्यांना दिसणार, तिथं कारागिरांनी हातकरवत चालवली, कारण रेघ बारीक यायला हवी होती. प्रत्येक तुकड्याला नंबर दिला आणि ६५ मीटर वर नेऊन सगळे पुन्हा जुळवले. देवळाचं तोंडही पूर्वीच्याच दिशेला ठेवलं. त्यामुळे आजही २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवतीचं ऊन साठ मीटर आत, थेट गाभाऱ्यात पोचतं. तिथं चार मूर्ती आहेत. त्यांतली प्ताह देवाची मात्र अंधारातच राहते. तो पाताळाशी नातं सांगणारा देव, बरं का!

डावीकडून दुसरा पुतळा नीट बघा. त्याचं डोकं जमिनीवर पडलंय. प्राचीन काळच्या भूकंपात ते तुटलं. एवढी यंत्रं होती, तर बसवून टाकायचं की! पण तसं केलं नाही. खाली होतं तसंच ते वरही ठेवलं. मला स्वतःला हे फार आवडतं.

देऊळ वर आलं. पण त्या खोऱ्यात न्यूबियन लोकांची गावं होती, त्यांचं काय? त्यांच्या घरांना कुणी नंबर दिले नाहीत. इजिप्तमधले सुमारे पन्नास हजार न्यूबियन १९६३-६४ मध्ये धरणग्रस्त झाले. त्यांना आस्वानच्या उत्तरेला, कोम ओंबोच्या बाजूला नेलं. पिढ्यान् पिढ्या नाईलच्या काठी राहिलेल्या त्या लोकांना नवी घरं मिळाली ती नदीपासून लांब. त्यांनी नव्या गावांना जुन्याच गावांची नावं ठेवली : बल्लाना, तोश्का.

संध्याकाळी आस्वानला परतल्यावर न्यूबिया संग्रहालय बघून घ्या. ते १९९७ साली उघडलं. त्या गावांमधलं रोजचं जगणं तिथं मांडून ठेवलंय.

आणि हो, तुमच्यापैकी कुणाच्या आजी-आजोबांचं गाव धरणात गेलं असेल, तर त्यांना विचारा, निघताना काय काय उचलून आणलं होतं? त्यांनी सांगितलं ते मला पत्रातून कळवा.