रिकामा डबा

दिवाळीच्या आदल्या रात्री आमच्या घरी एकच जागा जागी असते, ती म्हणजे स्वयंपाकघर. यंदा मात्र माडीवरच्या खोलीतही दिवा होता. पुण्याहून आलेला भाचा लॅपटॉप उघडून बसला होता. चकल्यांची बशी घेऊन मी वर गेलो, तो पडद्यावर अक्षरांचा नुसता पाऊस पडत होता.

"हे काय रे?"

"काही नाही मामा, एक पॅकेज उतरवून घेतोय."

"एक? मला तर शेकड्यांनी नावे दिसताहेत!"

"मागितले एकच. पण त्याला लागणारी दहा, त्या दहांना लागणारी आणखी, अशी सगळी आपोआप येतात. दूर एक कोठी आहे. जगभरचे लोक आपापले काम तिथे आणून ठेवतात. ज्याला हवे त्याने एक ओळ टाइप करायची आणि घेऊन जायचे. बहुतेक सगळे फुकट."

"आणि ही माणसे तुझ्या ओळखीची?"

भाचा हसला आणि त्याने चकलीचा तुकडा मोडला. पण हसणे म्हणजे काही उत्तर नव्हे.

मग त्यानेच मला दोन हकिकती सांगितल्या. पहिली २०१६ सालची. अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रॅमरचा एका पॅकेजच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला. एनपीएम या कोठीच्या चालकांनी ते नाव कंपनीला दिले. कोचुलू रागावला आणि त्याने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे कोठीतून उचलून नेली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचे एक होते. काम एवढेच, की शब्दाच्या डाव्या बाजूला हवी तेवढी रिकामी जागा किंवा शून्ये भरायची. सगळा मजकूर अकरा ओळींचा! पण त्या अकरा ओळींवर दुसरी पॅकेजे उभी होती, आणि त्यांवर तिसरी. २२ मार्चला जगभरच्या असंख्य प्रोग्रॅमरांची कामे एकाएकी अडली. शेवटी चालकांनी ते पॅकेज परत जागेवर ठेवले, तेव्हा कुठे गाडे चालू झाले. पुढे त्यांनी नियमही केला, की एकदा ठेवलेला माल मन मानेल तेव्हा उचलता येणार नाही.

दुसरी हकिकत ऐकून मात्र माझी चकली हातातच राहिली. 'एक्सझेड' नावाचे एक साधन आहे. फायली दाबून लहान करण्याचे त्याचे काम. लिनक्सच्या बहुतेक यंत्रांत ते असते. फिनलंडचा लास्से कॉलिन ते वर्षानुवर्षे सांभाळीत होता, बिनपगारी, फावल्या वेळात. २०२२ मध्ये आपली मनःस्थिती बरी नसल्याचे त्याने उघड लिहिले. लोक मात्र 'सुधारणा कधी?' म्हणून तगादा लावीत होते. अशा वेळी 'जिया तान' या नावाचा एक मदतनीस पुढे झाला. दोन वर्षे त्याने इमानाने काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या हाती घेतल्या. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसवला! गुप्त किल्लीवाल्याला दुसऱ्याच्या यंत्रात शिरता यावे, अशी ती योजना. सर्वांना दिसणाऱ्या मूळ मजकुरात नसलेला एक तुकडा तयार गाठोड्यात तेवढा घातलेला होता.

हे पकडले कसे? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरला यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोसे वाटले. दुसरा असता तर त्याने चहा मागवला असता. हा मात्र त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्चला त्याने सारा प्रकार चव्हाट्यावर मांडला. चोरदरवाजा तेव्हा मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता, म्हणून निभावले.

"मग आता उपाय?" मी विचारले.

"नाव नीट वाचायचे. एका अक्षराच्या फरकाने भलतेच गळ्यात पडते. कोणती आवृत्ती घेतली, तिचा ठसा कोणता, हे फायलीत बांधून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी तोच माल येतो. पण ठेवणाऱ्याच्याच मनात पाप असेल, तर ठसा काय करणार?"

आम्ही खाली आलो. भाजणी शेजारच्या काकूंनी पाठवलेली. सौ.ने पहिल्या घाण्याआधी एकच चकली तळून, चाखून पाहिली होती. आता ती काकूंचा डबा धुऊन त्यात करंज्या भरीत होती.

भाच्याने विचारले, "मामी, डबा नुसता दिला तर चालणार नाही का?"

"शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करतात का रे कधी? आणि काकूंची कंबर धरलीय. उद्या तूच जा, बाजारातून काही आणायचे का तेही विचार."

भाचा काही बोलला नाही. वर गेला. तासाभराने मी डोकावलो, तर त्याने दोन पॅकेजे काढून टाकली होती. त्यांचे काम पाचसात ओळींत त्याचे त्यानेच लिहिले होते. आणि ज्याच्या पॅकेजवर त्याचे वर्षभराचे काम चालले, त्या कुणा परदेशी गृहस्थाला तो पत्र लिहीत बसला होता. पत्रात एका दुरुस्तीचा मजकूर होता, आभार होते, आणि शेवटी एक प्रश्न : 'आणखी काही मदत हवी का?'

लास्से कॉलिनला हा प्रश्न चार प्रामाणिक माणसांनी वेळेवर विचारला असता, तर भलत्याच मदतनिसाला दार इतके सहज सापडते ना. असो. आपणा सर्वांना दिवाळी सुखाची जावो. आणि शेजारचा डबा घरात असेल, तर तेवढा भरून पाठवा.