विचारणारांची कसोटी

प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकांतील चौथा व पांचवा हे अध्याय आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. पेत्र व योहान ह्यांस यरुशलेमच्या न्यायसभेपुढें उभें करण्यांत आलें, त्यांची चौकशी झाली, आणि त्यांनीं निर्भयपणें उत्तर दिलें, ही हकीकत ख्रिस्ती घरांतील मुलें लहानपणापासून ऐकत आलेलीं असतात. इतर घरांतील मुलांनीं ती शाळेंत ऐकलेली असते. ती सांगतांना आपण सर्वजण बहुधा एकाच बाजूकडे पाहतों. आरोपींची कसोटी लागली व ते तीस उतरले, एवढें सांगून आपण थांबतों. आमचें मत थोडें निराळें आहे. त्या दिवशीं आरोपींपेक्षांही कठीण कसोटी न्यायासनावर बसलेल्या मंडळींची लागली होती. ज्यांच्या हातीं आज लहानमोठा अधिकार आहे, मग तो घरांतला असो कीं वर्गांतला असो, त्यांनीं ह्या कथेचा तोच भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम प्रसंग काय होता तें थोडक्यांत पाहूं. मंदिराच्या 'सुंदर' नांवाच्या दरवाजापाशीं जन्माचा पांगळा असलेला एक मनुष्य भीक मागत बसत असे. त्याचें वय चाळिशीच्या पुढें होतें. पेत्र व योहान ह्यांच्या द्वारें तो बरा झाला, लोक जमले, आणि पेत्र त्यांस येशूविषयीं व त्याच्या पुनरुत्थानाविषयीं सांगूं लागला. इतक्यांत याजक, मंदिराचा सरदार व सदूकी पंथाचे लोक तेथें आले. संध्याकाळ झालेली असल्यामुळें त्यांनीं दोघांस दुसऱ्या दिवसापर्यंत अटकेंत ठेविलें, आणि सकाळीं सभा भरविली. यहूदी परंपरेप्रमाणें ह्या श्रेष्ठ न्यायसभेचे ७१ सभासद असत. हन्ना व त्याचा जांवई कयफा हे दोघेही त्या दिवशीं हजर होते. हन्ना हा सन ६ पासून १५ पर्यंत मुख्य याजक होता. कयफा सन १८ पासून ३६ पर्यंत त्या पदावर होता. १९९० सालीं यरुशलेमच्या दक्षिणेस खडकांत खोदलेल्या एका थडग्यांत अस्थि ठेवण्याची एक नक्षीदार दगडी पेटी सांपडली. तिजवर योसेफ बिन कयफा अशा अर्थाचें नांव कोरलेलें असून ती ह्याच कयफाची असावी, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. तेव्हां हे न्यायाधीश म्हणजे गोष्टींतले राक्षस नव्हेत. घरदार, कुळ, मान व काळज्या असलेलीं तीं आपल्यासारखींच माणसें होतीं.

त्यांच्या काळज्या खोट्याही नव्हत्या. मुख्य याजकास नेमणें व काढणें हें त्या वेळीं रोमी सुभेदाराच्या हातीं होतें, आणि शहरांत दंगा झाला तर त्याचा जाब प्रथम ह्याच मंडळीस द्यावा लागे. सन ६ मध्यें गालिलांतील यहूदा नांवाच्या पुढाऱ्यानें खानेसुमारीच्या निमित्तानें बंड उभारलें होतें, ही गोष्ट वृद्ध सभासदांस आठवत असली पाहिजे. पुढें सन ६६ मध्यें खरोखरच युद्ध पेटलें, आणि सन ७० मध्यें रोमी सैन्यानें तें मंदिर जाळून टाकिलें. शिवाय सदूकी लोक पुनरुत्थान मानीत नसत. मंदिराच्या आवारांत त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच मताचा उपदेश चालला होता. अशा स्थितींत, हें तुम्हीं कोणत्या सामर्थ्यानें व कोणाच्या नांवानें केलें, असा जो प्रश्न सभेनें विचारला, तो आमच्या मतें अगदीं योग्य होता. ज्याच्यावर समाजाच्या रक्षणाचें ओझें आहे, त्यानें प्रश्न विचारूं नये तर कोणी विचारावा?

चूक झाली ती पुढें. पेत्रानें उत्तर दिलें. बरा झालेला मनुष्य साक्षीसारखा शेजारींच उभा होता. सभेनें दोघांस बाहेर जावयास सांगून आपसांत विचार केला, तेव्हां घडलेली गोष्ट साऱ्या शहरास ठाऊक आहे व ती आपणांस नाकारतां येत नाहीं, असें सभासदांनींच कबूल केलें. इतकें झाल्यावर दोनच मार्ग उरतात: उत्तर खोडून काढावें, किंवा आणखी चौकशी करावी. सभेनें ह्यांपैकीं कांहींच केलें नाहीं. तिनें ह्या नांवानें पुन्हां बोलूं नका अशी ताकीद दिली. उत्तर खोटें ठरलें म्हणून बंदी झाली असें नव्हे. उत्तर अडचणीचें होतें म्हणून झाली. प्रश्नास मान मिळतो तो त्याचें उत्तर ऐकण्याची तयारी असेल तरच. ती तयारी नसेल, तर प्रश्न हें धमकीचेंच दुसरें रूप होय.

आतां उत्तर देणारांकडे वळूं. कारण आमच्या तरुण वाचकांस त्यांच्यापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. पेत्रानें आरंभीं सभासदांस लोकांचे अधिकारी व वडील असें संबोधिलें. तो धाडसी म्हणून प्रसिद्ध होता असेंही नाहीं. कांहीं आठवड्यांपूर्वींच, मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणांत, एका दासीनें विचारलें असतां त्यानें आपल्या गुरूची ओळख नाकारली होती. ते दोघे शास्त्र्यांच्या पाठशाळेंत शिकलेले नव्हते, ह्याचेंही सभेस नवल वाटलें. शाळेच्या अंकांत हें सांगणें म्हणजे अज्ञानाची स्तुति करणें नव्हे. आपण जें पाहिलें व ऐकिलें तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. ऐकीव गोष्टींस आपलें मत म्हणणारा पदवीधर, आणि स्वतः पाहिलेलें तेवढेंच सांगणारा कोळी, ह्या दोघांत साक्षीच्या कामीं कोळीच श्रेष्ठ ठरतो.

शिवाय त्यांनीं सुटका व्हावी म्हणून खोटें वचन दिलें नाहीं. आम्ही ही आज्ञा पाळणार नाहीं, असें त्यांनीं समोरासमोर सांगितलें. दुसऱ्या वेळीं त्यांस धरावयास शिपाई आले, तेव्हां लोक आपणांस दगडमार करतील अशी भीति शिपायांसच वाटत होती. तरी प्रेषितांनीं त्या जमावाचा आश्रय घेतला नाहीं, निमूटपणें बरोबर गेले. पुष्कळ वर्षांनंतर पौल ह्याच सभेपुढें उभा होता. त्याच्या तोंडावर मारण्याचा हुकूम झाला, तेव्हां त्यानें हुकूम देणारास एक तिखट शब्द वापरला. परंतु तो मुख्य याजक आहे असें कळतांच, नियमशास्त्राची आठवण ठेवून त्यानें आपली बाजू सांवरली. निर्भयपणा व उद्धटपणा ह्यांत किती अंतर आहे, तें ह्यावरून विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. आवाज चढविणें, वडिलांचा उपमर्द करणें, चार मित्र पाठीशीं घेऊन बोलणें, ह्यांपैकीं कशासही पेत्राचें उदाहरण देतां येणार नाहीं.

ह्या कथेंत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र न्यायासनावरचाच एक मनुष्य. प्रेषितांस दुसऱ्यांदा आणिलें तेव्हां सभा इतकी संतापली कीं त्यांस ठार मारण्याचा विचार होऊं लागला. अशा वेळीं गमलिएल नांवाचा परूशी शास्त्री उठला. यहूदी लोकांत आजही ह्याचें नांव आदरानें घेतात. परंपरेप्रमाणें तो थोर गुरु हिल्लेल ह्याच्या घराण्यांतला. नवरा मेल्याचा एकच साक्षीदार मिळाला तरी त्या स्त्रीस पुनर्विवाहाची मोकळीक असावी, असा दयाळू निर्णय त्याच्या नांवावर मिश्ना ह्या ग्रंथांत नमूद आहे. त्यानें आरोपींस क्षणभर बाहेर पाठविलें, थुदास व गालिली यहूदा ह्यांच्या चळवळी पुढारी पडतांच कशा विरून गेल्या त्याची आठवण दिली, आणि सांगितलें कीं, ह्यांस असेंच सोडा. काम माणसांचें असेल तर आपोआप मोडेल, आणि देवाचें असेल तर तुमच्यानें मोडवणार नाहीं, उलट तुम्हीच देवाशीं झगडणारे ठराल.

ह्या सल्ल्यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. जें टिकतें तें सत्यच, असें म्हणतां येत नाहीं. गुलामगिरीसारखी दुष्ट रूढि शेंकडों वर्षें टिकली, आणि पुष्कळ चांगलीं कामें अकालीं बुडालीं. सत्य ओळखण्याचें माप म्हणून गमलिएलाचें वचन अपुरें आहे. परंतु अधिकाऱ्यानें आपला हात कोठें आवरावा हें सांगणारा नियम म्हणून त्याच्या तोडीचें दुसरें थोडेंच सांपडेल. माझें ज्ञान अपुरें असण्याचा संभव आहे, आणि जी शिक्षा परत घेतां येत नाहीं ती अपुऱ्या ज्ञानावर देऊं नये, हा त्याचा अर्थ होय.

सभेनें त्याचें ऐकिलें. परंतु वाचकांनीं पुढील वाक्य वगळूं नये. सल्ला मान्य करूनही प्रेषितांस फटके मारण्यांत आले, पुन्हां ताकीद देण्यांत आली, आणि मगच सोडण्यांत आलें. अपराध सिद्ध झाला नसतां हे फटके कशासाठीं? आम्हांस वाटतें, केवळ सभेचा मान राहावा म्हणून. अधिकाऱ्यास आपलें चुकलें हें कळतें, पण कांहीं तरी शिक्षा दिल्यावांचून माघार घेणें त्यास कमीपणाचें वाटतें.

फार दिवस झाले नाहींत तोंच स्तेफनाची पाळी आली. तोही त्याच सभेपुढें होता. परंतु ह्या वेळीं गमलिएल बोलावयास उठल्याचा उल्लेख नाहीं. स्तेफनाच्या भाषणाचे अखेरचे शब्द फार कडक होते. तरी कडक शब्दांस दगड हें उत्तर नव्हे. ऐकणारांनीं आपले कान बंद केले व त्यास शहराबाहेर नेलें, असें वर्णन आहे. साक्षीदारांनीं आपलीं वस्त्रें शौल नांवाच्या एका तरुणाच्या पायांपाशीं ठेविलीं. हा शौल गमलिएलाचाच विद्यार्थी! गुरूचें सारें शास्त्र त्यानें शिकून घेतलें होतें. गुरूचा धीर मात्र घेतला नव्हता. परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या शिष्यांस गुरूचें मुख्य शिक्षण पोंचलेंच आहे असें समजणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं ही गोष्ट वरचेवर आठवावी.

ही कथा यहूदी लोकांस दोष देण्यासाठीं सांगणारे पुष्कळ झाले. तें अन्यायाचें आहे. आरोपी यहूदी होते, त्यांस वांचविणारा गमलिएल यहूदी होता. सन ६२ मध्यें हन्नाचाच एक मुलगा, धाकटा हन्ना, मुख्य याजक असतां त्यानें रोमी सुभेदार शहरीं नाहीं ही संधि साधून येशूचा भाऊ याकोब ह्यास सभेपुढें आणिलें व दगडमार करविला. तेव्हां नियमशास्त्राविषयीं काटेकोर असलेल्या यरुशलेमच्या नागरिकांनींच तक्रार केली, आणि तीन महिन्यांच्या आंत त्यास पदावरून जावें लागलें, असें योसेफस हा यहूदी इतिहासकार सांगतो.

आणि ख्रिस्ती लोकांच्या हातीं अधिकार आला तेव्हां काय झालें? जान हस ह्यास अभयपत्र देऊन कान्स्टन्सच्या धर्मसभेपुढें बोलाविलें, आणि ६ जुलै १४१५ रोजीं जिवंत जाळिलें. आपल्या शेजारीं गोव्यांत १५६० सालीं धर्मन्यायालय स्थापन झालें. मध्यंतरीं थोडीं वर्षें खंड पडला तेवढा सोडला, तर तें १८१२ पर्यंत चाललें. बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्यानें घरांत जुनी चालरीत ठेविली कीं काय, असले प्रश्न तेथें विचारले जात. पेत्राच्या नांवानें प्रार्थना करणारी माणसें हन्नाच्या आसनावर जाऊन बसलीं, आणि त्यांस तें उमगलें नाहीं. ही खोड कोणा एका धर्माची नाहीं; ती अधिकाराची आहे.

म्हणून पालकांस व शिक्षकबंधूंस आमची विनंती आहे. मुलगी विचारते, हा नियम कां? मुलगा म्हणतो, मला हें पटत नाहीं. आपण लगेच म्हणतों, 'हें तुला कोणी शिकविलें?' कोणाच्या नांवानें, हाच तो जुना प्रश्न. तो जरूर विचारावा. पण उत्तर पुरें होईपर्यंत थांबावें. मूल जी गोष्ट पुढें करील ती पाहावी. बरा झालेला मनुष्य समोर उभा असतां डोळे मिटूं नयेत. आणि दोष दिसला नाहीं, तर केवळ आपला मान राहावा म्हणून फटका मारूं नये.

कोणी म्हणतील, अशानें शिस्त राहणार नाहीं. आमचा अनुभव ह्याउलट आहे. ज्या मुलाचें ऐकून घेतलें जातें, तें नकारही समजुतीनें घेतें. ज्याचें तोंड बंद केलें जातें, तें दोन जिभा बाळगावयास शिकतें, एक घरांतली व एक बाहेरची.

मिशनच्या शाळेस हें अधिकच लागू आहे. येथें निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात. शास्त्राच्या तासाला एखाद्या मुलानें आदरपूर्वक शंका काढिली, तर तो वर्ग त्या क्षणीं न्यायसभा होतो, आणि निकाल आम्हां शिक्षकांच्या हातीं असतो. त्या मुलास गप्प बसवून आम्हांस पेत्राची कथा शिकवितां येणार नाहीं. आमचें सांगणें देवाचें असेल तर तें एका शंकेनें मोडणार नाहीं. आणि देवाचें नसेल, तर तें त्या मुलावर लादण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.