राज्यसत्ता, धर्म आणि मधली मर्यादा

विदर्भात भिवापूरचे नाव निघाले की मिरची आठवते. भौगोलिक मानांकन लाभलेल्या या मिरचीच्या व्यवहारात शेतकरी असतो, अडत्या असतो, सातऱ्यावर बसून देठ खुडणाऱ्या स्त्रिया असतात, पोती वाहणारे हमाल असतात आणि माल नागपूरला व त्यापलीकडे पाठविणारा व्यापारी असतो. या साखळीत हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन अशा सर्वच घरांतील माणसे येतात. काट्यावर माल चढला की भाव ठरतो तो मिरचीच्या रंगावर, तिखटपणावर आणि ओलाव्यावर. विकणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा धर्म त्यात कोणी विचारीत नाही. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे एक अट आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. शासन कोणत्याही एका धर्माचे नाही, ते सर्वांना सारखे आहे, हा विश्वास ती अट होय.

जैन समाजाला या विश्वासाची गरज इतरांहून अधिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात जैनांची संख्या सुमारे ४४ लाख ५१ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. त्यांपैकी सुमारे १४ लाख महाराष्ट्रात राहतात आणि येथेही ते प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आहे. मतपेटीच्या बळावर काही मिळविण्याइतकी ही संख्या नव्हे. अशा समाजाने राज्यसत्तेला धर्माजवळ बोलवावे, की सन्मानाने दूर ठेवावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास २०१५ सालचे दोन महिने पुरेसे आहेत.

त्या वर्षी १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येचाच प्रकार असल्याचे ठरवून त्याला दंडनीय मानले. शतकानुशतके साधुसाध्वींनी आणि श्रावकश्राविकांनी ज्या व्रताकडे जीवनाची परमोच्च साधना म्हणून पाहिले, त्याला पोलिसांच्या डायरीत गुन्ह्याचे नाव मिळणार होते. समाज हादरला. २४ ऑगस्टला देशभर मूकमोर्चे निघाले. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, दिगंबर व श्वेतांबर, मंदिरमार्गी व स्थानकवासी एकत्र चालले. सर्वांचे म्हणणे एकच होते : धर्मात काय मूलभूत आहे आणि काय नाही, हे शासनाने किंवा न्यायालयाने बाहेरून ठरवू नये. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली आणि समाजाने सुटकेचा श्वास घेतला.

त्यानंतर अवघ्या पंधरवड्यात पर्युषण आले. मुंबईत त्या काळात काही दिवस कत्तलखाने आणि मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश निघाले होते, शेजारच्या मीरा-भाईंदरमध्ये ही बंदी आठ दिवसांची होती. मटण विक्रेते उच्च न्यायालयात गेले. रस्त्यावर निषेधासाठी मांसविक्रीचे ठेले मांडले गेले. १४ सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला मुंबईपुरती स्थगिती दिली. जे पर्व क्षमेचे, त्याच पर्वात जैन समाजाचे नाव वृत्तवाहिन्यांवर कडवट वादाला जोडले गेले. ज्यांनी आदेश काढले ते राजकीय पक्षांचे व प्रशासनाचे लोक होते, परंतु राग व्यक्त झाला तो शेजारच्या जैन कुटुंबावर.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. ऑगस्टमध्ये समाज शासनाला सांगत होता की, आमच्या धर्मात हात घालू नका. सप्टेंबरमध्ये शासन आमच्या धर्मातील एक व्रत, आठ दिवसांसाठी का होईना, इतरांवर लागू करीत होते आणि आपल्यापैकी अनेकांना त्यात वावगे वाटले नाही. शासनाला आपल्या धर्मापासून दूर राहण्यास सांगणाऱ्याने त्याच शासनाचा हात धरून दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकले, तर पहिल्या मागणीतील नैतिक बळ ओसरते.

येथे कायद्याची बाजूही नीट सांगितली पाहिजे. अहमदाबादमध्ये पर्युषणाचे नऊ दिवस महापालिकेचे कत्तलखाने बंद ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये वैध ठरविला होता. थोड्या दिवसांचा निर्बंध वाजवी आहे, असे न्यायालयाचे मत पडले. त्यामुळे अशी मागणी करणे बेकायदा आहे, असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु जे कायद्याने मागता येते, ते सर्व मागणे शहाणपणाचे असतेच असे नाही, हे पेढीवर बसणाऱ्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही.

इतिहास याविषयी काही सांगतो. जगद्गुरू हीरविजयसूरी १५८३ साली फतेहपूर सिक्रीस पोहोचले आणि त्यांच्या सहवासाने प्रभावित होऊन अकबराने पर्युषणात प्राणिहत्या थांबविण्याची फर्माने काढली. आजही व्याख्यानांत हा प्रसंग अभिमानाने सांगितला जातो आणि तो अभिमान योग्यच आहे. सूरीजींजवळ सैन्य नव्हते, मतदार नव्हते. होते ते तप आणि वाणी. मात्र या कथेचा पुढचा अध्याय फारसा सांगितला जात नाही. अकबराचा पुत्र जहांगीर याच्या आत्मचरित्रात जैन साधूंना राज्याबाहेर घालविण्याच्या आदेशाची नोंद आहे. एका पिढीत ज्यांचा सन्मान झाला, त्यांच्याच परंपरेवर दुसऱ्या पिढीत दरबाराची नाराजी ओढवली. राजाच्या मर्जीने मिळालेले संरक्षण राजाच्या मर्जीनेच जाते. राज्यघटनेने दिलेला अधिकार मात्र मर्जीवर चालत नाही, तो न्यायालयात मागता येतो.

तसा तो एका जैन वहिवाटदाराने मागितला होता. आज महाराष्ट्रातील प्रत्येक देरासर, स्थानक आणि पाठशाळेचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. त्या व्यवस्थेचा पाया १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने घातला. त्या वेळी मुंबई राज्यात असलेल्या पंचमहाल जिल्ह्यातील वेजलपूर येथील देरासराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी या कायद्यास आव्हान दिले. त्यांच्यासोबत दुसरे अपील होते मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचे. अग्नीची उपासना करणारे आणि तीर्थंकरांची पूजा करणारे, असे दोन अत्यल्पसंख्य समाज एकाच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयासमोर उभे होते.

१८ मार्च १९५४ रोजी लागलेला हा निकाल प्रत्येक विश्वस्ताने जाणून घ्यावा असा आहे. न्यायालयाने कायदा मोडीत काढला नाही. न्यासाची नोंदणी, हिशेबतपासणी, दप्तराची पाहणी हे सर्व शासनाचे रास्त अधिकार मानले. वार्षिक अंशदान हा कर नसून सेवेचे शुल्क आहे, असे म्हणून तेही कायम ठेवले. परंतु देवालयासारख्या धार्मिक संस्थेवर खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त म्हणून नेमण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. मूळ दात्याचा हेतू पूर्ण करणे शक्य असतानाही तो पैसा शासनाला किंवा न्यायालयाला इष्ट वाटणाऱ्या अन्य कामाकडे वळविण्याचा अधिकारही अमान्य केला. देवद्रव्य अन्य कार्यास लावू नये, या आपल्या परंपरागत मर्यादेला येथे घटनेचा आधार मिळाला. व्यापारी समाजाला विशेष वाटावी अशी आणखी एक गोष्ट न्यायालयाने सांगितली : एखाद्या विधीसाठी पैसा खर्च होतो, माणसे कामास लावली जातात किंवा बाजारातील वस्तू वापरल्या जातात, एवढ्यामुळे तो विधी व्यापारी व्यवहार ठरत नाही.

हिशेबात शासन आणि उपासनेत समाज, अशी ही वाटणी आहे. ती जैनांना मिळाली तशीच पारशांना मिळाली. आणि तीच मशिदीच्या, चर्चच्या, विहाराच्या न्यासालाही लागू होते. म्हणून उद्या अन्य धर्मीयांच्या संस्थेत शासनाने अवाजवी हस्तक्षेप केला आणि आपण पाहत राहिलो, तर जी भिंत पडेल ती आपल्याही देरासराची असेल.

धर्म आणि राज्य यांना वेगळे ठेवण्याची मागणी ही धर्म न मानणाऱ्यांची खोड आहे, असा समज आपल्याकडे आढळतो. अमेरिकेचा अनुभव उलटा आहे. तेथील राज्यघटनेच्या १७९१ च्या दुरुस्तीने केंद्रशासनाला कोणताही धर्म राजधर्म म्हणून स्थापण्यास मनाई केली. परंतु कनेक्टिकट राज्यात एका पंथाच्या चर्चला तरीही राजाश्रय होता. तेथील डॅनबरीचे बॅप्टिस्ट हे छोट्या पंथाचे श्रद्धाळू लोक. आपले धर्मस्वातंत्र्य बहुसंख्यांची मेहरबानी ठरू नये, अशी व्यथा त्यांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना कळविली. १ जानेवारी १८०२ च्या उत्तरात जेफरसन यांनी चर्च आणि राज्य यांच्यामधील भिंतीची उपमा वापरली, ती पुढे जगप्रसिद्ध झाली. त्याच परंपरेत १९९४ साली 'इंटरफेथ अलायन्स' ही संस्था स्थापन झाली. धर्माच्या नावाने राजकारण करणाऱ्यांना धार्मिक माणसांनीच उत्तर द्यावे, या हेतूने विविध धर्मांचे लोक तीत एकत्र आले. अनेक वर्षे तिचे नेतृत्व वेल्टन गॅडी या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकानेच केले.

भारताची घटना अशी उंच भिंत बांधीत नाही. अनुच्छेद २५ आणि २६ धर्मस्वातंत्र्य देतात, पण सुधारणेसाठी शासनाला आत येण्याची वाटही ठेवतात. अनुच्छेद २७ नुसार विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणावर कर लादता येत नाही, तर अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. भिंतीत दार असल्यामुळे दारावर जागे राहण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

या विषयावर विदर्भाच्या मातीतही मोठा विचार झाला आहे. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेची परंपरा घालून देणारे गांधीजी स्वतः गोसेवेचे व्रती होते. तरीही २५ जुलै १९४७ च्या दिल्लीतील प्रार्थनासभेत त्यांनी गोहत्याबंदीचा कायदा करण्याची मागणी मान्य केली नाही. आपला धर्म तो उरलेल्या सर्व भारतीयांचा धर्म कसा असेल, असा त्यांचा प्रश्न होता. सेवाग्रामपासून थोड्याच अंतरावर पवनार येथे राहणाऱ्या विनोबांचे मत वेगळे पडले. १९७९ साली गोहत्याबंदीसाठी त्यांनी उपोषण केले. त्याच विनोबांच्या प्रेरणेने १९७४ साली जैनांच्या सर्व संप्रदायांचे आचार्य आणि विद्वान एकत्र बसले व 'समणसुत्तं' हा सर्वमान्य ग्रंथ सिद्ध झाला. शासनाचा कोणताही आदेश नसताना हे घडले. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न, पाणी आणि औषधाचा त्याग करून, भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या दिवशी, शांतपणे देह ठेवला. गांधीजी आणि विनोबा यांच्यातील मतभेद अनेकांतदृष्टीने पाहिला तर दोन्ही बाजूंतील करुणा दिसते, आणि प्रश्न किती अवघड आहे तेही दिसते.

तो अवघडपणा टाळून चालणार नाही. जीवदया ही केवळ खाजगी उपासना नव्हे. तीत दुसऱ्या प्राण्याच्या जिवाचा प्रश्न आहे. मग डोळ्यांसमोर हिंसा होत असताना 'ज्याचा त्याचा धर्म' म्हणून श्रावकाने गप्प बसावे काय? बसू नये. परंतु बोलण्याचे मार्ग भिन्न असतात. जनावरांची कोंबून होणारी वाहतूक, त्यांना दिल्या जाणाऱ्या यातना, परवान्याविना चालणारे कत्तलखाने यांविरुद्ध १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम आहे आणि त्यामागील कारण कोणत्याही धर्माच्या सुजाण माणसास पटणारे आहे. तेथे शासनाकडे जरूर जावे. पांजरपोळ चालवावी, जीव सोडवावेत, शेजाऱ्याशी प्रेमाने बोलावे. मात्र 'आमचे पर्व आहे, म्हणून तुम्ही बंद ठेवा' एवढेच कारण असेल, तर ते हुकमाने नव्हे, विनंतीने मांडावे. विनंती मानून एका दुकानदाराने आपणहून एक दिवस दुकान बंद ठेवले, तर त्या दिवसाचे पुण्य त्याच्याही खाती जमा होते. आदेशाने बंद झालेल्या शंभर दुकानांत केवळ रोष साठतो.

संघांनी आणि विश्वस्त मंडळांनी या चातुर्मासात तीन गोष्टींचा विचार करावा. न्यासाचे हिशेब इतके चोख ठेवावेत की शासनाला आत येण्याचे निमित्तच मिळू नये. सभामंडपासाठी लोकप्रतिनिधीचा निधी पुढे आला, तर त्यामागून येणाऱ्या व्यासपीठाचा, फलकाचा आणि निवडणुकीतील अपेक्षेचाही हिशेब आधी मांडावा; साधर्मिकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला छोटा मंडप कोणाचा मिंधा नसतो. आणि गावातील मशीद, विहार, गुरुद्वारा, चर्च यांच्या विश्वस्तांशी वर्षातून एकदा तरी बसून बोलावे, संकट आल्यावर नव्हे, त्याआधी. १९५४ साली देरासर आणि पारशी पंचायत यांची गाठ न्यायालयात पडली. भिवापूर, उमरेड, नागभीडसारख्या गावांत ती चहाच्या पेल्यावर पडू शकते.

संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या 'सर्व' शब्दात बाजारपेठेतील तो मटण विक्रेताही येतो, ज्याच्या दुकानापुढून आपण मान वळवून जातो. त्याचे काम आपल्याला पटत नाही आणि पटू नये. पण त्याच्याकडे जाण्यासाठी आपल्याजवळ महापालिकेच्या नोटिशीखेरीज दुसरी वाट आहे, आणि ती आपल्या धर्माने फार पूर्वीच दाखविली आहे.